बिलातली प्रत्येक ओळ कोणाची? संस्थेत तंत्रज्ञान-खर्चाचं सॉफ्टवेअर आणण्याची तयारी

मोबाइल कंपनीचं एका महिन्याचं बिल समोर घ्या. मोठ्या संस्थेत ते शेकडो पानांचं असतं. त्यातली एकच ओळ बघा: एक नंबर, त्याचं मासिक भाडं, कॉल शून्य, डेटा शून्य. मागच्या महिन्यातही शून्य आणि त्याच्या मागच्या महिन्यातही. हा नंबर कोणाचा? अकाउंट्सला माहीत नाही, कारण त्यांच्यापुढे बिलाची एकूण रक्कम येते आणि ती नेहमीसारखीच असली की मंजूर होते. आयटीला माहीत नाही. तो फोन वापरणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली, फोन परत आला, सिम कपाटात पडलं आणि विषय संपला. एचआरच्या कागदांत तर नंबरांचा रकानाच नसतो. तिन्ही विभागांनी आपापलं काम नीट केलं, तरी पैसे जातच राहिले.

हे थांबवायचं तर बिलातल्या प्रत्येक ओळीला संस्थेतलं एक नाव जोडलेलं हवं. टेक्नॉलॉजी एक्स्पेन्स मॅनेजमेंट, थोडक्यात टीईएम, या नावाने ओळखलं जाणारं सॉफ्टवेअर मुळात ही जोडणी सांभाळतं. सुरुवातीला यातल्या 'टी'चा अर्थ टेलिकॉम होता. लँडलाइन, लीज लाइन (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली खास लाइन) आणि मोबाइलची बिलं तपासणं एवढाच त्याचा आवाका होता. पुढे क्लाउड, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याची सोय, आला (ॲमेझॉनच्या एस३ आणि ईसी२ या सेवा २००६ साली सुरू झाल्या), वर्गणीवर मिळणारी सॉफ्टवेअरं आली, यंत्रांत बसवलेली सिम आली, आणि टेलिकॉमच्या जागी टेक्नॉलॉजी हा शब्द बसला.

सॉफ्टवेअर निवडण्याबद्दल बरंच लिहिलं जातं. ते संस्थेत रुजवताना घोडं कुठे अडतं याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. अशा कामांत मी अनेकदा बसलो आहे, आणि दरवेळी अडचण सॉफ्टवेअर यायच्या आधीच्या कामात होती. म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या आधीच्या कामाबद्दल आहे.

तीन कागद, एक ताळा

हा सगळा डोलारा तीन कागदांवर उभा असतो. पुरवठादार काय मागतोय ते बिलात असतं. दर काय ठरला होता ते करारात असतं. आणि आपल्याकडे प्रत्यक्षात काय आहे, कोणाकडे आहे, ते यादीत, म्हणजे इन्व्हेंटरीत असतं. सॉफ्टवेअर दर महिन्याला या तिघांचा ताळा घेतं. ओळ बिलात आहे पण यादीत नाही, तर ती बेवारस. यादीत आहे पण बिलात नाही, तर सेवा बंद झाली असेल किंवा ती दुसऱ्याच खात्यावर लागत असेल. बिलातला दर करारातल्या दरापेक्षा जास्त, तर हरकत घ्यायची. डॅशबोर्ड, आलेख, ईमेलवर येणाऱ्या सूचना हे सगळं या ताळ्याच्या वरचं बांधकाम आहे.

आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सगळं लख्ख दिसतं, कारण तिथली यादी आणि करार आधीच स्वच्छ करून भरलेले असतात. तुमची यादी तीन वेगवेगळ्या एक्सेलमध्ये आहे आणि करार कोणाच्या तरी ईमेलमध्ये. त्यामुळे प्रात्यक्षिक बघताना एक आग्रह जरूर धरा: आमच्या एका खऱ्या पुरवठादाराचं, सगळ्यात किचकट असं एक बिल आत घालून दाखवा. त्या तासाभरात जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकं वाचून कळत नाही.

सगळी बिलं एका जातीची नसतात

टेलिकॉमचं बिल महिन्याला येतं आणि त्यात ओळीमागे नंबर किंवा सर्किट, म्हणजे एखादी खास लाइन, असतं. काही पुरवठादार ते पीडीएफमध्ये देतात, काही सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, तर काही थेट संगणकाने वाचायच्या ठरलेल्या नमुन्यात. कंपन्यांनी एकमेकांना संगणकीय कागदपत्रं पाठवण्यासाठीच्या एक्स१२ मानकांतला ८११ क्रमांकाचा नमुना असाच एकत्रित सेवा-बिलांसाठी आहे. पीडीएफवर विसंबून राहिलात तर पुरवठादाराने मांडणी बदलली की वाचन चुकतं. यंत्राने वाचता येईल अशा स्वरूपात बिल मिळेल का, हे पुरवठादाराला अगदी पहिल्या आठवड्यात विचारा. उत्तर यायला आणि प्रत्यक्ष फाइल सुरू व्हायला वेळ लागतो.

क्लाउडचं गणित निराळं. तिथे खर्च तासाच्या, कधी सेकंदाच्या हिशोबाने साठत जातो आणि ओळींची संख्या लाखांत जाऊ शकते. एक उदाहरण देतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी (इंटरनेटवर यंत्र ज्याने ओळखलं जातं तो क्रमांक) ताशी ०.००५ डॉलर आकारायला सुरुवात केली. एका पत्त्याचे महिन्याला साडेतीन डॉलरपेक्षा थोडे जास्त होतात. ही रक्कम कोणाच्या नजरेत भरणार? पण वर्षानुवर्षं पत्ते घेऊन ठेवलेल्या संस्थेत असे शेकडो पत्ते असतात, आणि ते कोणी, कशासाठी घेतले याची नोंद नसते. दर माहीत आहे, बिलही बरोबर आहे, तरी ओळ बेवारसच.

प्रत्येक क्लाउड पुरवठादाराचे रकाने आणि शब्द वेगळे असल्यामुळे ही बिलं एकमेकांशेजारी ठेवून बघणं अवघड होतं. त्यावर क्लाउडच्या खर्चाच्या व्यवस्थापनावर काम करणाऱ्या फिनऑप्स फाउंडेशन या संस्थेने फोकस नावाचा सामाईक नमुना तयार केला. त्याची १.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि मोठे पुरवठादार त्या नमुन्यात माहिती देऊ लागले आहेत. तुम्ही घेताय ते सॉफ्टवेअर फोकसमधली माहिती वाचतं का, हे विचारून घ्या.

वर्गणीच्या सॉफ्टवेअरचं बिल बऱ्याचदा वर्षातून एकदाच येतं. आणि अनेकदा ते अकाउंट्सकडे येतच नाही. कोणीतरी स्वतःच्या किंवा कंपनीच्या क्रेडिट कार्डावर भरतं आणि खर्चाच्या परताव्यात ते 'इतर' म्हणून दाखवलं जातं.

पहिल्याच टप्प्यात या तिन्ही जाती एकदम आत घ्यायचा मोह होतो. माझा सल्ला आहे, एक जात घ्या. जिथे बिलं जास्त, गोंधळ जास्त, पण पुरवठादार मोजके, ती निवडा. बहुतेक ठिकाणी ती मोबाइलची निघते. तिथे जे शिकाल ते पुढच्या दोन्हींना उपयोगी पडतं.

यादी: सगळ्यात मोठं काम

यादी करायला बसलं की पहिली चूक होते ती मालमत्तेच्या नोंदवहीपासून सुरुवात करण्याची. त्या वहीत विकत घेतलेल्या वस्तू असतात, आणि आपल्याला हव्यात त्या चालू असलेल्या सेवा. सुरुवात पैशापासून करा. अकाउंट्सकडून गेल्या तेरा महिन्यांत तंत्रज्ञानाशी संबंधित ज्यांना-ज्यांना पैसे गेले त्या सगळ्यांची नावं काढा. बारा महिने पुरेसे वाटतात, पण वार्षिक वर्गणीचं पेमेंट थोडं मागेपुढे झालं तर ते निसटतं. एक महिना जास्त घेतला की ही भीती राहत नाही. त्याला क्रेडिट कार्डाची विवरणपत्रं आणि परताव्याचे अर्ज जोडा. मग एका लॉगिनने सगळीकडे प्रवेश देणारी जी व्यवस्था असेल तिच्या नोंदी बघा: कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या तीन महिन्यांत कोण शिरलं आणि कोण शिरलंच नाही.

यातून पुरवठादारांची यादी मिळते. तिच्याखाली खाती, खात्यांखाली नंबर, सर्किट, लायसन्स. प्रत्येक ओळीपुढे किमान एवढं हवं: ती काय आहे, कुठे आहे, कोण वापरतं, कोणत्या खर्चकेंद्रावर (खर्च ज्या विभागाच्या किंवा प्रकल्पाच्या नावे टाकायचा त्यावर) पडते, कोणत्या कराराखाली आहे. पाचांपैकी तिसरा रकाना भरणं सगळ्यात कठीण.

तो भरताना नावाने जोडू नका, कर्मचारी क्रमांकाने जोडा. एकाच माणसाचं नाव एका यादीत पूर्ण, दुसरीत आद्याक्षरांसह, तिसरीत लग्नाआधीच्या आडनावाने असतं. सॉफ्टवेअर त्यांना तीन माणसं समजतं आणि तिघांच्या नावावर तीन लायसन्स दाखवतं.

ज्या ओळींचा माग लागत नाही, त्यांच्यासाठी विभागप्रमुखांना यादी पाठवा आणि उत्तराची तारीख द्या. 'या तारखेपर्यंत कोणी सांगितलं नाही तर सेवा तात्पुरती थांबवू' असं लिहिल्यावर ज्या वेगाने उत्तरं येतात तो वेग एरवी दिसत नाही. मात्र इथे एक धोका आहे आणि तो मी जवळून बघितला आहे. एका संस्थेत आम्ही शून्य वापराच्या लँडलाइन शोधल्या. महिनोन्‌महिने एकही कॉल नाही. बंद करण्याची यादी तयार झाली. पाठवण्याच्या आदल्या दिवशी इमारतीची देखभाल बघणारे एक तंत्रज्ञ सहज येऊन यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हा नंबर लिफ्टमधल्या आपत्कालीन फोनचा आहे." त्या फोनवरून कॉल होत नव्हता, कारण लिफ्टमध्ये कोणी अडकत नव्हतं. तशीच आणखी एक लाइन आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेची निघाली.

तेव्हापासून मी शून्य वापर आणि निरुपयोगी हे दोन शब्द कधीच एकत्र वापरत नाही. लिफ्ट, अग्निसूचना, चोरीची घंटा, मुख्य लाइन पडली तर लागणारी पर्यायी लाइन यांचं काम गप्प राहण्याचंच असतं. म्हणून यादी इमारतीची आणि सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही सेवा बंद करायची नाही, हा नियम योजनेत लिहूनच ठेवा. आणि क्रम असा ठेवा: आधी सूचना, मग शक्य तिथे तात्पुरती स्थगिती, आणि शेवटी कायमची बंद. बंद केल्याची पुरवठादाराकडून आलेली लेखी पोच जपून ठेवा. अर्ज दिल्यावरही पुढच्या बिलात तीच ओळ पुन्हा दिसते, आणि त्या वेळी पोच हाच पुरावा असतो.

करार वाचायला बसणं

करार सॉफ्टवेअरमध्ये 'अपलोड' केला म्हणजे तो भरला असं होत नाही. त्यातले दर ओळीने भरावे लागतात, आणि मूळ करारानंतर झालेल्या दुरुस्त्याही. तिसऱ्या दुरुस्तीत बदललेला दर भरायचा राहिला तर सॉफ्टवेअर दर महिन्याला खोट्या हरकती उभ्या करत राहतं, आणि तीन-चार महिन्यांत लोक त्याच्या खऱ्या सूचनांकडेही बघेनासे होतात.

दरांशिवाय चार गोष्टी शोधा. नूतनीकरण आपोआप होतं का आणि नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं. मुदतीआधी सोडलं तर किती दंड. बिलावर हरकत घ्यायची मुदत किती. ती उलटली की चूक पुरवठादाराची असली तरी पैसे परत मागणं अवघड होतं. आणि चौथी, किमान खर्चाची हमी. ही सगळ्यात फसवी. समजा तुम्ही वर्षाला ठरावीक रकमेच्या सेवा घेण्याचं वचन दिलं आहे. तुम्ही मेहनतीने शंभर बेवारस नंबर बंद केले आणि तुमचा खर्च त्या रकमेच्या खाली गेला. उरलेली रक्कम पुरवठादार तुटीपोटी वसूल करतो. काम झालं, पैसे वाचले नाहीत. क्लाउडमध्ये एक किंवा तीन वर्षांसाठी घेतलेल्या सवलतीच्या वचनांचंही तसंच: यंत्रं बंद केली तरी वचनाचे पैसे चालूच राहतात. म्हणून काय बंद करायचं हे ठरवताना आधी हमीची रक्कम बघायची.

खर्च कोणाच्या नावे टाकायचा

ओळीला माणूस जोडला, माणसाला विभाग जोडला की खर्च विभागांवर वाटता येतो. वैयक्तिक फोनचं सोपं आहे. इमारतीचं इंटरनेट, सगळे वापरतात तो डेटाबेस, सुरक्षेचं सॉफ्टवेअर यांचं काय? माणसांच्या संख्येवर वाटा, वापरावर वाटा किंवा एका मध्यवर्ती खात्यावर ठेवा. कोणतीही पद्धत सगळ्यांना न्याय्य वाटणार नाही. ती लेखी असावी आणि वर्षाच्या मध्यात बदलू नये, एवढं पुरे.

पहिले काही महिने विभागांना त्यांचा खर्च फक्त दाखवा, त्यांच्या बजेटमधून कापू नका. पहिल्या अहवालात चुका असणारच. पैसे कापलेले नसतील तर विभागप्रमुख त्या चुका सांगतात आणि यादी सुधारते. कापलेले असतील तर ते भांडतात, आणि सगळी चर्चा सॉफ्टवेअर बरोबर की चूक यावरच अडकते.

क्लाउडमध्ये ही वाटणी टॅगवर चालते. टॅग म्हणजे सर्व्हरवर किंवा साठवणीवर लावलेली चिठ्ठी: कोणता प्रकल्प, कोणता विभाग. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये नुसता टॅग लावून भागत नाही, तो खर्चाच्या अहवालात दिसावा म्हणून बिलिंग विभागात वेगळा सुरू करावा लागतो. आणि ज्या काळात सर्व्हरवर टॅगच नव्हता, त्या काळाचा खर्च नंतर त्या टॅगने ओळखता येत नाही. त्यामुळे क्लाउडचा टप्पा सहा महिन्यांनी घेणार असाल तरी टॅगचे नियम आजच ठरवा. नवा सर्व्हर टॅगशिवाय तयारच होणार नाही अशी सोय करता आली तर उत्तम.

जोडण्या आणि खासगीपणा

एचआरच्या यंत्रणेतून रोज एक फाइल यायला हवी: कोण आलं, कोणाची बदली झाली, कोण गेलं. सुरुवातीच्या परिच्छेदातला तो नंबर याच फाइलने पकडला गेला असता. माणूस गेल्याची नोंद झाली की त्याच्या नावावरची प्रत्येक सेवा एका कामाच्या यादीत येऊन पडली पाहिजे, आणि ती यादी कोण हातावेगळी करणार हे ठरलेलं पाहिजे. दुसरी जोडणी ईआरपीशी, म्हणजे संस्थेचे हिशोब सांभाळणाऱ्या यंत्रणेशी: खर्चकेंद्रं तिकडून यायची, मंजूर बिलं इकडून जायची. एखादी माहिती दोन्हीकडे वेगळी असेल तर खरी कोणती मानायची, हे प्रत्येक रकान्यासाठी आधी ठरवा. माणसाचा विभाग एचआर सांगेल, खर्चकेंद्राचा क्रमांक अकाउंट्स सांगेल, नंबर कोणाकडे आहे ते आयटी सांगेल.

मोबाइलच्या बिलात कोणी कोणाला, किती वाजता फोन केला हेही असतं. डॉक्टर, वकील, घरचे लोक यांचे नंबर त्यात दिसतात. खर्च तपासायला हा तपशील क्वचितच लागतो. समोरच्या नंबराचे शेवटचे अंक झाका, आणि पूर्ण तपशील कोणाला, कोणाच्या परवानगीने दिसेल ते मर्यादित ठेवा. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपच्या जीडीपीआरसारख्या, वैयक्तिक माहितीला संरक्षण देणाऱ्या कायद्यांखाली गरजेपुरतीच माहिती वापरण्याचं बंधनच आहे. कायदा नसता तरी माझं मत तेच राहिलं असतं. लोकांना एकदा वाटलं की हे सॉफ्टवेअर आपल्यावर पाळत ठेवायला आणलंय, की त्यांचं सहकार्य गेलं.

वेळापत्रक बिलांवर मोजा

या कामाचं वेळापत्रक आठवड्यांत आखलं की ते चुकतं. इथे एक प्रयोग करून त्याचा निकाल बघायला पुढचं बिल यावं लागतं. म्हणून बिलांच्या फेऱ्या मोजा. पहिल्या फेरीत बिल फक्त आत घ्यायचं आणि सॉफ्टवेअरने वाचलेली बेरीज मूळ बिलाशी जुळते का ते बघायचं. दुसऱ्या फेरीत यादी आणि दर जोडून ताळा घ्यायचा. या वेळी विसंगतींचा ढीग निघतो आणि त्यातल्या बऱ्याच तुमच्याच यादीतल्या चुका असतात. तिसऱ्या फेरीत विभागवार वाटणी. पुरवठादाराने चूक मान्य केली तरी परतावा पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या बिलात येतो, त्यामुळे तीन फेऱ्यांच्या आत निकाल मागणाऱ्या वरिष्ठांना हे आधीच समजावून ठेवा. क्लाउडचे आकडे महिना चालू असताना हलत असतात आणि महिना संपल्यावर काही दिवसांनी पक्के होतात, हेही सांगा. आणि आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात काहीही नवीन सुरू करू नका, कारण अकाउंट्सकडे त्या वेळी मान वर करायला फुरसत नसते.

नेतृत्व कोणाकडे, हा प्रश्न नेहमी येतो. माझ्या मते वित्त विभागातली एक व्यक्ती प्रमुख असावी आणि आयटीतली एक तिच्या बरोबरीने. पण दोघांच्या वरच्या एका अधिकाऱ्याचं पाठबळ हवंच, कारण 'तारखेपर्यंत उत्तर नाही तर सेवा थांबेल' हे पत्र कोणाच्या तरी सहीने जावं लागतं.

विक्रेत्याचं शुल्क वाचवलेल्या रकमेच्या टक्केवारीवर ठरत असेल तर 'बचत' म्हणजे काय हे करारात लिहून घ्या. नंबर बंद झाला आणि बिल कमी झालं, ही बचत. दर वाढणार होता तो वाटाघाटीने वाढला नाही, हा टळलेला खर्च. दोन्ही चांगलं आहे, पण दुसऱ्याने बँकेतली शिल्लक वाढत नाही आणि त्यावर टक्केवारी द्यायची का हे आधीच ठरलेलं बरं. सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तर आपली बिलं, यादी आणि हरकतींचा इतिहास कोणत्या स्वरूपात परत मिळेल, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

जुनी एक्सेल

नव्याचे नऊ दिवस संपले की एक गोष्ट हमखास होते. ज्या सहकाऱ्याने वर्षानुवर्षं मोबाइलची एक्सेल सांभाळली, ती व्यक्ती गुपचूप ती भरत राहते. तिचा दोष नाही. नव्या यंत्रणेतली बेरीज एकदा चुकलेली तिने बघितली आहे आणि महिनाअखेरीला उत्तर तिलाच द्यायचं असतं. पण दोन याद्या चालू राहिल्या की एक बदल एकीत होतो, दुसरा दुसरीत, आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून जुनी एक्सेल बंद करण्याची अट सुरुवातीलाच लिहा: लागोपाठ दोन बिलांच्या फेऱ्यांत नव्या यंत्रणेची बेरीज पुरवठादाराच्या बिलाशी पै न पै जुळली आणि त्याच सहकाऱ्याने ती तपासून सही केली, की एक्सेल फक्त वाचण्यापुरती उरेल. सही त्यांचीच घ्या. यादीतली प्रत्येक ओळ त्यांना ओळखीची असते. कोणता नंबर कोणत्या मजल्यावरच्या कोणत्या टेबलावर आहे, हे त्या एक्सेलच्या शेरा रकान्यात अनेकदा एकट्या त्यांनीच लिहून ठेवलेलं असतं. तो रकाना नव्या यंत्रणेत शब्दशः नेऊन ठेवा.